अर्धी लोकर, अर्धं सूत

आमच्या घरात ‘ऊन’ या शब्दाने फार गोंधळ घातला आहे. मराठीत ऊन म्हणजे अंगणात पडतं ते. उर्दूत ऊन म्हणजे लोकर. लहानपणी अम्मी आतून ओरडायची, ‘पाऊस आला, ऊन भिजेल, आत घे!’ आणि नुकतीच मराठी शाळेत जाऊ लागलेली मी अंगणात उभी राहून विचार करायची, की ऊन भिजतं कसं आणि ते आत घ्यायचं तरी कसं.

यंदाच्या रमजानात ही दोन्ही उन्हं आमच्या पडवीत आहेत. जोहरची नमाज झाली की अम्मी चटई टाकून बसते. वय ७४. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारवर बसवून दिल्यात, म्हणून रोजे सुरू आहेत. बाहेर पाली तापलेली असते, सरसगडाचा कातळ दुपारच्या उजेडात पांढुरका दिसतो, बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांचे हॉर्न चालू असतात. अम्मीच्या हातात दहा नंबरच्या सुया आणि मांडीवर निळ्या लोकरीचा गुंडा. असरची अजान होईपर्यंतचे दोन तास तिचे. पूर्वी एवढ्या वेळात बाही उतरायची. आता अंगठ्याचा सांधा दुखतो. चार ओळी झाल्या की सुया खाली ठेवते, बोटं चोळते, पुन्हा उचलते.

विणकाम आमच्या घरचं नाही. शेजारच्या काकूंच्या पणतीसाठी आहे. पाडवा यंदा रमजानच्या शेवटच्या दिवसांत येतो. त्या दिवशी पणतीला पुण्याहून आणून बल्लाळेश्वराच्या पायावर घालायचं ठरलंय, आणि तोवर तिचा स्वेटर व्हायला हवा.

अम्मीला विणायला शिकवलं ते काकूंनीच. अम्मी म्हसळ्याहून लग्न होऊन पालीत आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. काकूंनी तिच्या हातात दोन सुया दिल्या आणि ‘दोन सुलट, दोन उलट’ म्हणायला लावलं. अम्मी म्हणायची ‘दो सीधे, दो उल्टे’. टाके मोजता मोजता तिचे मराठी आकडे पक्के झाले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आजही अडखळते, पण ते मराठी मुलंही अडखळतात. काकू तिला ‘भाभी’ म्हणतात, ती काकूंना ‘वहिनी’ म्हणते. दोघींमध्ये थोरली कोण, हा वाद त्यामुळे कधी मिटलाच नाही.

स्वेटर खरं तर काकूच करणार होत्या. केलाही होता. बाजारातून गुलाबी लोकर आणली आणि डोळ्यांपुढे मोतीबिंदूचं धुकं असताना केवळ बोटांच्या अंदाजाने विणला. पुण्याहून नातीचा फोन आला, की बाळाच्या मानेवर घामोळं उठलंय, डॉक्टर म्हणतात हा घालू नका. काकू दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेला गुंडा घेऊन आमच्याकडे आल्या. ‘भाभी, लोकरीत काय खोट आहे ती बघ.’

अम्मीने धागा तोडला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. ही लोकर नव्हतीच. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत जळताना कागदाचा वास येतो. मणी होतो तो ॲक्रिलिकचा. यात फसवणूक कोणाची नाही, गुंड्याच्या कागदावर ॲक्रिलिक स्पष्ट लिहिलेलं असतं. आपणच त्याला लोकर म्हणतो. आपल्या छोट्या गावांतल्या दुकानांत लोकर म्हणून मिळतो तो माल बहुतेक हाच. स्वस्त, पक्क्या रंगाचा, धुवायला सोपा. पण तो घाम शोषत नाही, आणि कोकणच्या हवेत ते तान्ह्या बाळाच्या अंगाला सोसत नाही.

मग नातीने पुण्याहून दुसऱ्या लोकरीच्या तीन लडी पाठवल्या. प्रत्येकी ५० ग्रॅमच्या, अर्धी लोकर, अर्धं सूत.

हे मिश्रण आपल्याकडच्या हवेला इतकं शोभतं, की ते इथल्या दुकानांत का दिसत नाही याचं मला नवल वाटतं. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत दमटपणा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या तंतूला मुळातच नागमोडी वळणं असतात, म्हणून ताणून सोडली की ती पुन्हा जागेवर येते. सुताला हा गुण नाही. नुसत्या सुताचा विणलेला स्वेटर जड होतो, दोन धुण्यांत त्याच्या बाह्या गुडघ्याकडे निघतात. पण सूत टोचत नाही, आणि भिजल्यावर लोकर कमजोर होते तिथे सूत उलट जास्त मजबूत होतं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. मध्ये सूत असलं की हे कमी होतं, थांबत मात्र नाही. तेव्हा थंड पाणी, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही, सावलीत चादरीवर पसरायचं. पावसाळ्यात पेटीत ठेवायचं तर कडुनिंबाचा पाला, कारण कसरीला सूत नाही आवडलं तरी लोकर आवडते.

आता रंगाचं. लांबून पाहिलं तर या लडी निळ्या. जवळून पाहिलं तर एकाच निळ्याच्या सहा-सात छटा, कुठे धुऊन विटलेल्या गणवेशासारखी फिकी, कुठे दौतीतल्या शाईसारखी गर्द. निराळ्या रंगाचा एक ठिपका नाही. अशा रंगाईला ‘टोनल’ म्हणतात. हाताने रंगवणारे कमी पाण्यात लड सैल सोडतात, फार ढवळत नाहीत, आणि रंग जिथे आधी पोहोचेल तिथे जास्त बसू देतात.

पण लोकर आणि सूत एकत्र असलं की आणखी एक गोष्ट घडते. ती मला आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी चहा पिता पिता समजावली. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांच्या आणि नखांच्या घराण्यातलं. सूत म्हणजे सेल्युलोज, लाकूड आणि कागदाच्या घराण्यातलं. लोकरीचा रंग व्हिनेगरसारख्या आंबटात आणि उष्णतेत बसतो. सुताचा रंग मीठ आणि धुण्याच्या सोड्यात बसतो, आणि सोडा जास्त झाला तर लोकर खराब होते. दोघांना एकाच पातेल्यात लोकरीच्या रंगात टाकलं, तर लोकर सगळा रंग पिऊन टाकते आणि सूत जवळपास कोरं राहतं. म्हणून अशा मिश्रणासाठी रंगारी दोन जातींचे रंग वापरतात, बरेचदा दोन फेऱ्यांत. तरीही दोघांची छटा सहज तंतोतंत जुळत नाही. कसबी रंगारी ती तफावत मिटवू शकतो. टोनल रंगवणारा ती राखून ठेवतो. याचा अर्थ काढायचा मोह मला अध्यापकी सवयीने होतो आहे, पण मी तो आवरते. ही लोकर आहे, निबंधाचा विषय नाही.

नीळ मात्र दोघांनाही धरते. तिला आंबटही लागत नाही आणि तुरटीही. निळीच्या पिंपातून धागा बाहेर येतो तेव्हा पिवळट-हिरवा असतो, हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो. एकदा बुडवला तर आकाशी, पुन्हा पुन्हा बुडवला तर रात्रीसारखा. एकाच पिंपातून इतक्या छटा निघतात.

हळदही दोघांना धरते. गेल्या मे महिन्यात मी एका कोऱ्या मिश्र लडीवर प्रयोग केला. निम्मी लड जास्त वेळ बुडवली, निम्मी कमी. केशरापासून लिंबापर्यंतचे पिवळे निघाले आणि मी स्वतःवर खूश झाले. मग साबणाने धुतली तर लड लालभडक. शर्टावरच्या आमटीच्या डागाला साबण लावलेल्या कोणालाही हे आधीच कळलं असतं. लिंबाच्या पाण्यात टाकली, पुन्हा पिवळी झाली. वाळत घातली दोरीवर. चार दिवसांत रंग उडाला. उन्हाने ऊनचा रंग खाल्ला, हे वाक्य फक्त आमच्याच घरात म्हणता येतं.

नव्या लडी पाहून काकूंनी विचारलेला पहिला प्रश्न रंगाचा नव्हता. ‘यात सूत आहे म्हणतेस, मग हे सोवळ्यात चालेल का?’ जुन्या घरांत धाबळी, म्हणजे लोकरीचं वस्त्र, सोवळ्याला चालायची. रेशमी कदही चालायचा. सुती धोतर मात्र धुऊन, कोणाचा स्पर्श न होता वाळलेलं लागायचं. मग अर्धी धाबळी आणि अर्धं धोतर असलं तर? काकू स्वतःच हसल्या. ‘बाळाला कसलं आलंय सोवळं!’

पण कपड्यातली ही मिसळ अनेक धर्मांनी तपासून पाहिली आहे. आमच्याकडे पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य. त्यावर ‘मशरू’ नावाचं कापड निघालं, वरून रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. मशरू या शब्दाचा अर्थच शरियतला मान्य असलेलं. लोकरीवर तर कधीच बंधन नव्हतं. सूफी हा शब्दही ‘सूफ’, म्हणजे लोकर, यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर राहिलेले बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, त्यांच्या धर्मग्रंथात लोकर आणि जवसाचं सूत एकत्र विणलेला कपडा घालायला साफ मनाई आहे. कापसाचं सूत त्यात येत नाही. म्हणजे काकूंच्या पणतीचा हा स्वेटर अलिबागच्या इस्रायल आळीतही बिनहरकत चालला असता. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्या गावांची आडनावं घेऊन त्यांच्यातले पुष्कळ जण इस्रायलला गेले. तिथल्या थंडीत त्यांच्या आज्या काय विणत असतील, असा एक प्रश्न अम्मीने विचारला. मला उत्तर देता आलं नाही.

दोन सुयांवरचं विणकाम युरोपातून आलं, असं मी बरीच वर्षं मानत होते. आपल्याकडे ते युरोपीय बायकांकडूनच आलं, पण त्याचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. ११व्या ते १४व्या शतकांच्या दरम्यानचे, निळीत रंगवलेल्या आणि पांढऱ्या सुताचे पायमोजे, शिवाय रंगीत लोकरीचे तुकडे. स्पेनमध्ये बुर्गोसच्या लास उएल्गास मठात १२७५ साली वारलेल्या फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या रेशमी उशा मिळाल्या. ख्रिस्ती राजघराण्यासाठी मुस्लीम कारागिरांनी त्या विणल्या असं मानतात, आणि एकीवर कूफी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द आहे. अम्मीला मी फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून टाके पाहिले. ‘हात घट्ट आहे,’ म्हणाली.

आमच्या स्वेटरवर मात्र मधे संकट आलं. पाठ आणि पुढचा उजवा भाग पहिल्या दोन लडींत झाला. तिसरी लड जोडून अम्मीने डाव्या भागाच्या अठरा ओळी विणल्या आणि संध्याकाळी दिव्याखाली पाहिलं, तर आडवी रेघ. तिसरी लड गडद. कागदावरचा रंगाचा नंबर तोच, पण घाणीचा नंबर वेगळा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यातली. हाताने रंगवलेल्या मालात एकाच घाणीतल्या लडीही जुळ्या नसतात, दोन घाणींतल्या तर चुलत बहिणीच. दुकानाला फोन केला, जुन्या घाणीतला माल संपला होता.

काकूंना ती रेघ दिसणं शक्य नव्हतं. मी तसं म्हणाले. अम्मीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी इफ्तारची तयारी करायला आत गेले.

तिने अठरा ओळी उसवल्या. पुढच्या उजव्या भागाच्याही बऱ्याच उसवल्या. आता ती दोन ओळी जुन्या लडीच्या आणि दोन नव्या लडीच्या अशा आळीपाळीने विणते. एक धागा कडेने वर नेते, दुसरा खाली सोडते. रेघ नाहीशी होऊन गडद-फिकं सगळीकडे पसरतं. दोन गुंडे सांभाळायचे म्हणजे वेळ दुप्पट लागतो आणि अंगठाही जास्त दुखतो. काकू रोज तिसऱ्या प्रहरी येतात, तयार भागावरून बोटं फिरवतात आणि टाके मोजतात. काल एके ठिकाणी थांबल्या. ‘इथे एक उलट पडायला हवा होता, भाभी.’ अम्मीने पाहिलं. खरंच चुकलं होतं.

आज पुन्हा तेवढं उसवलंय. डावा भाग निम्मा झालाय, बाह्या दोन्ही राहिल्यात, आणि पाडव्याला बारा दिवस आहेत.