पाटी, पडदा आणि अल्पवयीन: मद्याच्या जाहिरातीवरील नियमनाचा मागोवा

महाड-पोलादपूरचा मुलूख कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात मोडत असतानाच, 1949 साली, मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला आणि त्याच्या 24व्या कलमाने मद्यसेवनाचे आवाहन करणारी जाहिरात छापण्यास मनाई केली. 1951 मध्ये याच कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्याची नुसती वाखाणणी करण्यावरील बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवली, मात्र पिण्याचे आवाहन करण्यावरील बंदी टिकून राहिली. या चर्चेत अल्पवयीनांचा वेगळा विचार दिसत नाही, आणि ही उणीव पुढेही दीर्घकाळ भरून निघाली नाही.

सन 2000 मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मद्याच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातींना बंदी झाली, तरी छुपी जाहिरात, म्हणजे मद्याचेच नाव आणि बोधचिन्ह सोड्यावर किंवा संगीताच्या सीडीवर मिरवण्याची पद्धत, घराघरांतल्या पडद्यावर चालूच राहिली. महाराष्ट्रात तीव्र मद्य घेण्यासाठी 25 आणि बिअरसाठी 21 वर्षे वयाची अट आहे, पण ते नाव पाहण्याला वयाची अट नव्हती.

महाड-पोलादपूरपुरते सर्वांत ठोस पाऊल वाहतुकीच्या निमित्ताने पडले. मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूरमधून जातो, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, आणि शाळेला जाणारी मुले एसटीची वाट पाहतात ती अशाच रस्त्यांच्या कडेला. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतील मद्यविक्री थांबवण्याचा आदेश देताना मद्याच्या उपलब्धतेच्या पाट्या आणि जाहिरातीही तत्काळ हटवण्यास सांगितले. पुढे मार्च 2017 मध्ये 20,000पर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर झाले, आणि जुलैत नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट करण्यात आले. मद्यधुंद वाहनचालकांना आवरण्यासाठी निघालेल्या आदेशाने मुलांच्या नजरेला जे संरक्षण दिले, ते मुळात हेतू नसल्यामुळेच सवलती देताना कोणाच्या हिशेबात धरले गेले नाही, हे खेदजनक आहे.

रायगड किल्ला महाड तालुक्यात आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात असल्याने, मद्यविक्री होणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई करणारी राज्याची 2022ची कायदादुरुस्ती येथे विशेष अर्थपूर्ण ठरते, कारण पाठ्यपुस्तकात आदराने शिकलेले नाव 'बिअर बार'च्या पाटीवर वाचण्याची वेळ मुलावर येऊ नये. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. परदेशातील दाखला पाहायचा तर, फ्रान्सने 1991च्या कायद्याने मद्याच्या जाहिरातीत काय सांगता येईल, याचीच यादी आखून दिली आणि तरुणांसाठीच्या प्रकाशनांतून अशा जाहिराती वगळल्या. अल्पवयीन वाचकाला केंद्रस्थानी ठेवणारी तशी तरतूद राज्याच्या दारूबंदी कायद्यातही व्हायला हवी.