पेरावे, की थांबावे?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका नावाचे गाव आहे. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. या भागातील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील खरिपाची पिके. जून महिना उजाडला, की शेते वखरून तयार असतात, बियाणे घरात येऊन पडलेले असते, आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पेरावे, की थांबावे?

प्रश्न लहान आहे. पण त्याचे उत्तर चुकले तर फार महाग पडते. पहिल्या सरीवर विसंबून पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर नुकतेच उगवलेले कोंब करपून जातात. मग पुन्हा बियाणे विकत घ्यावे लागते, पुन्हा तिफण धरावी लागते. यालाच दुबार पेरणी म्हणतात. उलट, फार दिवस थांबले तर हंगाम हातचा जातो.

पूर्वापार शेतकरी हा निर्णय नक्षत्रांच्या आधारे घेत आला. मृग लागला, की पेरणीची वेळ झाली, असे तो मानी. परंतु पावसाची ही नक्षत्रे सूर्याच्या गतीवरून ठरतात. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारासच लागतो. मोसमी वाऱ्यांना मात्र असे तारखेचे बंधन नाही. ते कधी लवकर येतात, कधी उशिरा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ऋतूचा सर्वसाधारण काळ कळतो. यंदाचा पाऊस कोणत्या दिवशी येईल, हे त्यावरून कळत नाही.

शिवाय, प्रत्येक सर मोसमी पावसाची असतेच असे नाही. उन्हाळ्यात जमीन तापते. तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते, उंचावर ती थंड होते, आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. सायंकाळी विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळतो. हा वळवाचा पाऊस. तो एका गावाला झोडपतो आणि शेजारचे गाव कोरडे ठेवतो. मोसमी पाऊस समुद्रावरून बाष्प घेऊन येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो व विस्तीर्ण प्रदेशावर पसरतो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्ही सरी सारख्याच भिजवतात. त्यांतील भेद जाणावयाचा, तर शेकडो मैलांवरची आणि उंच आकाशातली हवा मोजावी लागते. हे मोजमाप करणारे आणि त्यावरून अनुमान काढणारे शास्त्र म्हणजे हवामानशास्त्र होय.

भारतात हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ साली त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुढे ती दिल्लीस गेली. तरी शिवाजीनगरातील त्या वास्तूला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ असेच म्हणतात. १९३२ साली पुण्यातच शेतीच्या हवामानासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि १९६२ साली हवामानाच्या संशोधनाकरिता तेथे एक संस्था उभी राहिली. त्यामुळे या शास्त्राचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना पुणे हे महत्त्वाचे केंद्र वाटते. विद्यार्थी प्रथम भौतिकशास्त्र व गणित घेऊन पदवी मिळवतो. नंतर विद्यापीठात वातावरणाच्या शास्त्राचा अभ्यास करतो. वर चढणारी हवा थंड का होते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे कसे वळतात, वायुभार कमी झाला म्हणजे काय घडते, हे तो तेथे शिकतो. फुग्यांना बांधून आकाशात सोडलेली यंत्रे, रडार आणि उपग्रह यांनी पुरविलेल्या आकड्यांवरून उद्याच्या हवेचे गणित मांडावयासही तो शिकतो.

हे गणित सोपे नाही. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने केवळ सहा तासांतील हवेचा बदल हाताने आकडेमोड करून काढण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी कित्येक आठवडे खर्ची पडले, आणि उत्तर साफ चुकले! तरीही १९२२ साली त्यांनी ते आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे छापले. त्यांनी दाखविलेली वाट खरी होती. आज संगणक त्याच वाटेने जाऊन अंदाज काढतात.

पुण्यात १९४४ साली जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी गणिताच्याच बळावर मोसमी पावसाचा वेध घेतला. फर्ग्युसन महाविद्यालय व पुणे विद्यापीठ येथे शिकून त्या अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेल्या, आणि तेथील शिक्षण संपवून मायदेशी परतल्या. उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या चित्रांवरून १९८० साली त्यांनी व डी. आर. सिक्का यांनी एक गोष्ट दाखवून दिली. पावसाळ्यात विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचे पट्टे तयार होतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत भूमीवर येतात. पावसाला मध्येच खंड का पडतो, हे समजण्यास या शोधाची मोठी मदत झाली. पुढे गाडगीळ यांनी अनंतपूर भागातील भुईमुगाची पेरणी केव्हा करणे हिताचे, याचा अभ्यास शेतकऱ्यांना बरोबर घेऊन केला.

असे असले, तरी अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. हवेतील बारीकसा फेरफारही काही दिवसांत मोठा होतो. म्हणून अंदाज शक्यतेच्या भाषेत बोलतो. तो ऐकणाऱ्यानेही आपले मोजमाप सोडू नये. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पर्जन्यमापकात एक मिलिमीटर पाणी साचले, की एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पडले असे समजावे. वेधशाळेत ही नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता होते. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून तीच नोंद जऊळक्याच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. ज्या शास्त्राची पुढील पायरी महाविद्यालयात आहे, त्याची पहिली पायरी हीच होय.