बाजार गेला, फोटो राहिले



आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी पहाटे मार्केट यार्डात जातात, लिलावात माल घेतात आणि दिवसभर बसून विकतात. आज अशाच एका मोठ्या घाऊक बाजाराबद्दल बोलू या. तो बाजार आता त्या जागेवर नाही, पण त्याचे फोटो जपून ठेवलेले आहेत. ते फोटो नीट पाहिले तर आपल्या कामाची एक गोष्ट कळते.

हा बाजार फ्रान्समध्ये, पॅरिस शहराच्या अगदी मध्यभागी होता. त्याचं नाव ‘ले आल’. बाराव्या शतकापासून, म्हणजे जवळपास आठशे वर्षं, तिथे बाजार भरत होता. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टर बाल्तार यांच्या आराखड्यानुसार तिथे लोखंड आणि काचेचे प्रचंड मंडप उभे राहिले. पुढे त्यांची संख्या १२ झाली. मासळी वेगळ्या मंडपात, अंडी-कोंबड्या वेगळ्या, भाजीपाला वेगळा. रात्री गाड्या यायच्या आणि पहाटे सौदे व्हायचे. एमिल झोला या लेखकाने १८७३ साली या बाजारावर कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थच ‘पॅरिसचं पोट’ असा आहे.

आता फोटोंकडे येऊ. या बाजाराचे फोटो अनेकांनी काढले. त्यातल्या तिघांची कामं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले शार्ल मारव्हिल. १८६० च्या दशकात पॅरिसच्या जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढणं चाललं होतं. पाडण्याआधी त्यांची नोंद राहावी म्हणून नगरपालिकेने मारव्हिल यांना नेमलं. त्या काळी फोटो उमटायला वेळ लागायचा. जे स्थिर असेल तेच स्पष्ट येई. चालणारं माणूस धूसर व्हायचं किंवा उमटायचंच नाही. म्हणून या सरकारी फोटोंत भिंती दिसतात, फरशी दिसते, पण भरवस्तीतले रस्तेही ओसाड वाटतात. तिथे माणसं नव्हती असं मुळीच नाही. ती कामात होती, हलत होती, म्हणून फोटोत आली नाहीत.

दुसरे युजीन आत्जे. १९०० च्या आसपास ते जड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन पॅरिसभर हिंडायचे. फोटो विकून त्यांचं पोट चालायचं. त्यांनी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्या टिपल्या, तसेच रस्त्यावर फिरून माल विकणारेही टिपले. ही चित्रं त्यांनी ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना विकली, म्हणून ती आजही पाहायला मिळतात.

तिसरे रोबेर द्वानो. ते १९३३ पासून या बाजाराचे फोटो काढत होते. बाजार हलणार हे कळल्यावर तर ते पहाटे तीनला उठून तिथे जायचे. त्यांच्या फोटोंत रक्ताने माखलेले एप्रन घातलेले खाटीक आहेत, फुलं विकणाऱ्या बायका आहेत, ओझी वाहणारे हमाल आहेत. तिथे परवानाधारक हमाल व्हायचं तर २०० किलो वजन वाहून दाखवावं लागे. द्वानो १९९४ मध्ये गेले. त्यांचे लाखो निगेटिव्ह त्यांच्या दोन मुलींनी सांभाळले. २०१२ साली पॅरिसच्या नगरपालिकेच्या इमारतीत याच बाजाराच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं.

बाजार हलला कशामुळे? शहर वाढलं, ट्रक आले, अरुंद रस्त्यांत कोंडी होऊ लागली, स्वच्छतेचा प्रश्न झाला. मार्च १९६९ मध्ये तो शहराबाहेर रुंजिस इथे नेला. मटणाचा बाजार १९७३ मध्ये गेला. लोकांनी विरोध केला, तरी १९७१ पासून मंडप पाडले गेले. एक मंडप मात्र सोडवून नोजाँ या गावी पुन्हा उभा केला. जुन्या जागी आता जमिनीखाली रेल्वे स्टेशन आणि दुकानं आहेत.

मंडप उचलून दुसरीकडे नेता आला. पण कोण कुठे बसायचं, कोणाचं गिऱ्हाईक कोण, पायी येऊन थोडासा माल नेणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, हे सगळं उचलून नेता येत नाही. १७८९ मध्ये भाकरी महाग झाली तेव्हा पॅरिसच्या बाजारातल्या बायका चालत राजाच्या दारात, व्हर्सायला गेल्या होत्या. इतिहासात त्या मोर्चाची नोंद आहे, पण त्यातल्या बहुतेक बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आपल्याकडेही बाजार हलले आहेत. मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये वाशीला गेला आणि १९९६ मध्ये फळं-भाजीपाला गेला. तालुक्याच्या गावातही रस्ता रुंद करायचा ठरला की पहिली नजर टोपलीवालीवर जाते.

इथे एक कायदा माहीत असायला हवा. शहरी भागासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करत आहेत, तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं या कायद्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. पण ५० वर्षं झाली हे दाखवायचं कसं? पावत्या फाटतात, वही सापडत नाही. अशा वेळी सासूबाईंचा टोपलीसमोर बसलेला जुना फोटो इतर कागदांच्या जोडीला आधार ठरू शकतो.

म्हणून एवढं करा. घरात बाजाराचा जुना फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, साधारण कोणत्या साली. ‘आई बाजारात’ एवढं पुरत नाही, पूर्ण नाव लिहा. साल आठवत नसेल तर जुन्या जाणत्यांना आत्ताच विचारा. फोटोची प्रत काढा, मूळ फोटो कोणाला देऊन टाकू नका. आणि आज नवा फोटो काढाल तेव्हा मागचं देऊळ, झाड किंवा दुकानाची पाटी त्यात येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येईल. मैत्रिणीचा फोटो काढताना तिला विचारून काढा.

पुढच्या मासिक बैठकीला हे फोटो घेऊन या. गटाच्या हजेरी वहीशेजारी एक फोटोंची वहीही असू द्या.