काळ्या पानांची चंद्रकळा

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर नर्सरीतून तीन रोपं आणली. काळसर-लाल पानांचा रबर प्लांट, मरून रंगाचा कोलियस आणि लांबट जांभळ्या पानांची सेटक्रेशिया. रिक्षातून कुंड्या उतरवते न उतरवते तोच सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, पैसे मोजून काळी झाडं कुणी आणतं का? बाल्कनी कशी हिरवीगार हवी!’’

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी बारावीतली लेक तिथंच उभी होती. ती माझ्यासारखीच सावळी. ‘नाकीडोळी छान आहे, रंग तेवढा उजळ हवा होता’ हे तिनं प्रत्येक लग्नकार्यात ऐकलेलं. ती काहीच बोलली नाही. एकेक कुंडी उचलून आत नेऊन ठेवली. तेव्हाच मनाशी ठरवलं, येणाऱ्याची नजर आधी या झाडांवरच जायला हवी.

पहिला प्रयत्न सपशेल फसला, बरं का! तिन्ही कुंड्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत एकत्र ठेवल्या. दारातून पाहिलं तर झाडं दिसेचनात, नुसता काळोखाचा गोळा. महिन्याभरात कोलियसचा मरून रंगही फिका, हिरवट पडू लागला.

मग थोडं वाचलं, माळीदादांना विचारलं. गडद पानांतही हरितद्रव्य असतंच. फक्त त्यावर दुसऱ्या रंगद्रव्याचा पदर असतो. कोलियसमध्ये ते अँथोसायनिन, जांभळाला रंग देणारं. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते तीही त्याच्यामुळेच. पुरेसा उजेड मिळाला तर हा रंग चढतो, काळोखात उतरतो. म्हणजे गडद झाड सावलीत कोंबणं ही पहिली चूक.

दुसरी चूक उमगली ती जुना अल्बम चाळताना. लेकीच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो होता. काळं झबलं आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. काय उठून दिसत होती! सासूबाईंची चंद्रकळा तरी काय, जरीच्या काठामुळेच तर खुलते. काळ्याशेजारी काही उजळ हवं, हे आपल्याला साडी निवडताना बरोबर कळतं. कुंड्या मांडताना मात्र आपण ते विसरतो.

मग सगळी मांडणी बदलली. रबर प्लांट पांढऱ्या भिंतीपुढे आला. त्याच्या पायाशी पोपटी पानांचा मनीप्लांट आणि पांढऱ्या रेघांचा स्पायडर प्लांट. तपकिरी कुंड्या जाऊन फिक्या रंगाच्या आल्या. सेटक्रेशिया कठड्यावरून खाली सोडली. कोलियस पूर्वेच्या बाजूला, जिथं सकाळचं कोवळं ऊन पानांच्या मागून येतं. सकाळी चहाच्या वेळी ती पानं अशी पेटतात की बघत राहावं!

तुम्हालाही करून पाहायचं असेल तर काही गोष्टी अनुभवाच्या सांगते. बाल्कनी लहान असेल तर तीन-चार हिरव्या कुंड्यांमागे एक गडद पुरे. सगळंच गडद झालं की पुन्हा तो काळोखाचा गोळा! भरपूर ऊन असेल तर अ‍ॅकॅलिफा, क्रोटन, सेटक्रेशिया लावा. कडक दुपारच्या उन्हात कोलियसची पानं करपतात, त्याला सकाळचं ऊन मानवतं. त्याचे तुरे खुडत राहा, म्हणजे झाड पसरट, भरगच्च होतं. सार्वजनिक बागांत कडेनं कातरून लावलेली ती बुटकी लाल पानांची अल्टरनेन्थेरा कुंडीच्या काठालाही छान दिसते. गडद पानांवर धूळ पटकन दिसते, तेव्हा रबर प्लांटची पानं आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसावीत.

खर्च फार नाही. कोलियसचा शेंडा पाण्यात ठेवला तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. सेटक्रेशियाचा तुकडा मातीत खोचला की झालं. शेजारणीकडून एक फांदी मागून आणली तरी काम होतं.

एक सावधगिरी मात्र हवीच. नर्सरीत युफोर्बिया कोटिनिफोलिया नावाचं मरून पानांचं देखणं झुडूप मिळतं. त्याचा पांढरा चीक त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना त्रासदायक. घरात लहान मुलं, मांजर-कुत्रं असेल तर ते नकोच. रबर प्लांटच्या चिकानंही काहींना खाज सुटते, छाटणी हातमोजे घालूनच करावी.

आणि हो, हा रबर प्लांट मुळात आपल्याच ईशान्य भारतातला. मेघालयात त्याचीच मुळं वळवून जिवंत पूल तयार करतात. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या त्याच्याकडे जरा आदरानं बघू लागल्या! मग मीच म्हटलं, ‘‘दारातली कृष्णतुळस काळीच की, आई. आणि आपला विठोबा?’’ त्या नुसतं ‘‘हं’’ म्हणाल्या.

मतं काही एका पावसाळ्यात बदलत नाहीत. पण गेल्या दिवाळीत एक नातलग बाई आल्या. लेकीकडे बघत त्यांचं ‘‘रंग जरा...’’ सुरू झालं. सासूबाईंनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. ‘‘आधी आमची बाल्कनी बघा, नातीनं मांडलीय,’’ म्हणत त्या बाईंना हाताला धरून घेऊन गेल्या.

जाताना त्या बाई कोलियसची फांदी मागत होत्या. लेकीनं दोन शेंडे खुडून, ओल्या कागदात गुंडाळून दिले. वर बजावलंही, ‘‘सावलीत नका हं ठेवू, मावशी. उजेडात ठेवा!’’