उन्हानं घर गार होतं का?

आपल्या यवतमाळचा मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको. पारा 44-45 अंशांवर जातो, दुपारी टिनाखाली बसवत नाही. कूलर लावावा तर वीज जाते. घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असलं की जीव टांगणीला लागतो. बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "एवढं ऊन पडतं, मग उन्हावरच घर थंड करता येत नाही का?" आम्ही सगळ्या हसलो. पण करता येतं, बरं का!

कसं, ते बघू. माठातलं पाणी झिरपून उडून जातं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ गार. दुसरं, पावसाळ्यात मीठ ओलं होतं, कारण ते हवेतली वाफ ओढतं. ते तव्यावर गरम केलं की पुन्हा कोरडं.

हे यंत्रही असंच चालतं. एका बंद टाकीतली हवा काढून टाकतात. आत दाब नसला की पाणी पाच-सहा अंशांवरही उकळतं आणि उडताना नळीतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतं. नळीतलं हे गार पाणी खोल्यांमध्ये फिरवतात. उडालेली वाफ शेजारच्या टाकीतला लिथियम ब्रोमाइड नावाचा क्षार शोषून घेतो. क्षार ओला झाला की तापवून त्यातलं पाणी वेगळं करायचं. हे तापवण्याचं काम ऊन करतं. साध्या यंत्राला 80-90 अंशांचं गरम पाणी पुरतं. वीज लागते ती पंप आणि पंख्यांपुरती.

असं यंत्र पुण्याच्या थरमॅक्स कंपनीनं 2011 मध्ये हरियाणातल्या सरकारी सौर ऊर्जा केंद्रात बसवलं. उन्हाच्या आचेत किती बळ असतं, ते आपल्या शिर्डीतही दिसतं. तिथं 2009 पासून 73 मोठ्या आरशांवर वाफ करून प्रसादालयात हजारोंचा स्वयंपाक होतो.

पण एक लक्षात ठेवा. हे यंत्र दवाखाना, मोठं कार्यालय अशा इमारतींसाठी आहे. दोन खोल्यांच्या घराला ते परवडणारं नाही. "सोलर एसी" म्हणून कुणी विकायला आलं, तर आधी विचारा: छतावरची पाटी वीज करते की पाणी तापवते? दोन्ही वेगळ्या. नीट उत्तर मिळेपर्यंत गटाचे पैसे देऊ नका.

मग आपण काय करायचं? ऊन घरात शिरूच द्यायचं नाही. टिनावर चुन्याचे दोन हात द्या. टिकावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घाला. पांढरं छत ऊन परत फेकतं. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, हाताला प्लास्टिक बांधा. टिनावर पाय न देता शिडीवरून, सकाळच्या गारव्यात काम करा. टिनाच्या वर थोडी मोकळी जागा सोडून पऱ्हाटी-तुराट्यांचा मांडव घाला, मात्र चूल आणि विजेच्या तारांपासून दूर. दिवसा खिडक्या झाका, रात्री उघडा.

यंदा गटानं मिळून पहिला चुना अंगणवाडीच्या छताला द्यावा, असं आम्हाला वाटतं. लेकरं दुपारी तिथंच असतात. होळी झाली की लगेच कामाला लागू या.