दोर सोडायचा कुणी, भरपाई द्यायची कुणी?

वादळात धक्क्यावर बांधलेली बोट आदळते आणि दुसऱ्याचे नुकसान होते. चूक कुणाचीच नसते, पण खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो. तो कुणी सोसायचा?

मुंबईचा ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, हंगामात धक्क्यावर बोटीला बोट खेटून उभी असते. मध्ये जुने टायर टांगलेले असतात, एकीचा दोर दुसरीवरून गेलेला असतो. अचानक वारा सुटतो, दोर तुटतो आणि एकीची नाळ दुसरीच्या फळ्यांत घुसते. मग वादाला तोंड फुटते. ‘वाऱ्यापुढे माझे काय चालणार?’ असे एक नाखवा म्हणतो. ‘मग माझी बोट काय वाऱ्याने दुरुस्त करून द्यायची?’ असे दुसरा विचारतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते.

नेमका हाच पेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दोन न्यायालयांपुढे आला होता.

धक्क्यावरून लोटलेले कुटुंब

13 नोव्हेंबर 1904 या दिवशी व्हरमॉन्ट राज्यातील शॅम्प्लेन सरोवरात एक गृहस्थ पत्नी आणि दोन मुलांसह शिडाच्या बोटीतून चालले होते. एकाएकी भयंकर वादळ उठले. जवळच एका बेटाचा खासगी धक्का होता, तिथे त्यांनी बोट बांधली. त्यांच्या फिर्यादीनुसार मालकाच्या नोकराने येऊन दोर सोडून दिला. बोट किनाऱ्यावर आपटून फुटली, कुटुंब पाण्यात फेकले गेले आणि सगळ्यांना दुखापती झाल्या.

मालकाचा बचाव साधा होता. धक्का आमचा, परवानगी नव्हती, मग दोर सोडला तर बिघडले काय? 1908 मध्ये व्हरमॉन्टच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जिवावर बेतले असताना दुसऱ्याच्या जागेचा आसरा घेणे ही घुसखोरी ठरत नाही आणि अशा माणसाला हुसकावण्याचा हक्क मालकाला नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

वाचली बोट, फुटला धक्का

पुढच्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1905 रोजी, सुपीरिअर सरोवराकाठच्या डुलुथ बंदरात ‘रेनॉल्ड्स’ नावाची आगबोट माल उतरवत होती. रात्री दहाच्या सुमारास काम संपले तेव्हा वारा ताशी 50 मैलांवर पोहोचला होता. ओढून नेणारी बोट बोलावली, पण त्या वादळात एकही मिळेना. त्याच वादळात दुसऱ्या दिवशी डुलुथच्या तोंडाशी ‘मटाफा’ हे जहाज फुटले आणि त्यावरचे नऊ जण दगावले. अशा वेळी बाहेर पडणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे.

कप्तानाने बोट धक्क्यालाच बांधून ठेवली. दोर झिजला की नवा, कधी अधिक जाड दोर लावला. बोट वाचली, पण लाटांनी ती रात्रभर धक्क्यावर आदळत राहिली. नुकसान झाले 500 डॉलरचे.

कप्तानाची चूक नव्हती, हे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मानले. तरीही 1910 मध्ये निकाल गेला बोटीच्या मालकाविरुद्ध. बोट वाऱ्याने आपोआप येऊन आदळली असती तर ती दैवी आपत्ती ठरली असती. पण इथे दोर पुन्हा पुन्हा बांधून दुसऱ्याच्या धक्क्याच्या जिवावर आपली बोट वाचवली गेली. उपाशी माणसाने जगण्यासाठी अन्न घेतले तर तो पापी नव्हे, पण ऐपत आल्यावर त्याने किंमत चुकवायला हवी, असा दाखला न्यायालयाने दिला.

सगळ्या न्यायाधीशांना हे पटले नाही. जो धक्का बांधतो आणि पैसे घेऊन बोटी लावू देतो, त्याने असा धोकाही पत्करलेलाच असतो, असे विरोधी मत नोंदवले गेले. कायद्याच्या विद्यार्थ्यांत त्यावर आजही वाद रंगतात.

आपल्या किनाऱ्यावर

अमेरिकेतले निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत. आपल्या न्यायालयांसमोर पहिला प्रश्न येतो तो निष्काळजीपणाचा. दोर कुजका होता का? वादळाचा इशारा मिळूनही बोटीवर कुणी नव्हते का? ‘अपघात होता’ एवढे म्हणून भागत नाही. 1892 मध्ये निकाल लागलेल्या एका इंग्लिश खटल्यात मर्सी नदीत नांगरलेल्या जहाजावर दुसरे जहाज आदळले होते. सुकाणूची साखळी अडकली, असे मालकाने सांगितले. नवी साखळी ताणली जाते हे ठाऊक असताना काळजी घेतली नाही, म्हणून त्याला भरपाई द्यावी लागली.

जहाजांमुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यांसाठी भारतात 2017 चा सागरी दाव्यांचा कायदा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाला त्याखाली अधिकार आहेत. पण लहान बोटींच्या तंट्यात कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधीची सावधगिरी स्वस्त पडते. दोर वेळेवर बदलावेत. विमा घेताना दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई त्यात आहे का, ते विचारावे. अपघात झालाच, तर बोट हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत आणि बंदर अधिकाऱ्यांना व विमा कंपनीला लगेच कळवावे.

दोन्ही खटले शेजारी ठेवले की एक साधी गोष्ट कळते. वादळात आसऱ्याला आलेल्याचा दोर सोडू नये आणि ज्याला आसरा मिळाला त्याने वादळ शमल्यावर हिशेब विसरू नये. सामाईक धक्क्यावरच काय, सामाईक भिंतीच्या दोन घरांतही शेजार टिकतो तो असाच.