पाण्याच्या अंगचे बळ

रत्नागिरी जिल्ह्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी हे गाव वसले आहे. पावसाळ्यात येथे संततधार लागते. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, पायऱ्या आणि अंगणे शेवाळाने हिरवीगार होतात. हा हिरवा रंग डोळ्यांना सुखावतो. परंतु त्यावरून पाय घसरला, तर म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडतात. म्हणून पाऊस उघडला की खराट्याने शेवाळ घासण्याचे काम सुरू होते. अलीकडे या कामासाठी विजेवर चालणारे एक लहानसे धुलाईयंत्र मिळू लागले आहे. ते नळाचे साधे पाणी घेते आणि त्याचा जोरदार झोत करून सोडते.

नळाला लावलेल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, तर पाणी दूरवर उडते. वाट अरुंद झाली की पाणी वेगाने निसटते. धुलाईयंत्रात हेच तत्त्व वापरलेले असते. त्यातील विजेची मोटर लहान लहान दट्ट्यांना मागेपुढे हलवते. दट्ट्या मागे सरला की पाणी आत येते. पुढे सरला की ते बाहेर रेटले जाते. एकाच बाजूस उघडणाऱ्या झडपांमुळे पाण्याला मागे फिरता येत नाही. पुढे एका बारीक तोटीतूनच त्याला बाहेर पडावे लागते. त्यामुळे दाब वाढतो आणि झोताला जोर येतो.

पाण्याचा असाच प्रचंड जोर पोफळीच्या डोंगराच्या पोटातही काम करीत असतो. घाटमाथ्यावर सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर धरण बांधून शिवाजीसागर हा जलाशय निर्माण केला आहे. त्याचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेकडे आणले जाते आणि सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडले जाते. तेथे ते तोट्यांतून वेगाने निघून वाट्या लावलेल्या मोठमोठ्या चाकांवर आदळते. चाके फिरतात, त्यांच्याबरोबर जनित्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. १९६२ साली येथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. या चाकांना 'पेल्टन चाक' म्हणतात. लेस्टर पेल्टन या अमेरिकन संशोधकाने १८८० साली त्याचे पेटंट मिळविले.

पाण्याची उंची १० मीटर असली, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. या हिशेबाने ४७५ मीटर उंचीचा दाब सुमारे ४७ किलोग्रॅम होतो. घरगुती धुलाईयंत्रातील दाब मात्र १०० किलोग्रॅमच्या आसपास असतो! म्हणजे दाबापुरते पाहिले, तर हे इवलेसे यंत्र डोंगरालाही मागे टाकते. मग ते गावाला वीज का पुरवू शकत नाही? कारण दाब वेगळा आणि शक्ती वेगळी. यंत्रातून मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी बाहेर पडते. वीजघरातील एका चाकाला मात्र दर सेकंदाला हजारो लिटर पाणी लागते.

नवे यंत्र जोडताना घाई करू नये. प्रथम त्याची माहितीपुस्तिका वाचावी. पाणी आत येते तेथील गाळणी स्वच्छ असल्याची खात्री करावी. नळी घट्ट बसवून नळ पूर्ण उघडावा. वीज सुरू करण्यापूर्वी झोताचा खटका दाबून धरावा, म्हणजे आतील हवा निघून जाते आणि पाण्याची अखंड धार येऊ लागते. पाण्यावाचून यंत्र चालविल्यास त्याचा पंप बिघडतो. विजेची जोडणी भूसंपर्क असलेल्या तीन पिनांच्या खोबणीतच करावी. जोड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा आणि ओल्या हाताने त्याला स्पर्श करू नये. काम संपल्यावर वीज व नळ बंद करून पुन्हा एकदा खटका दाबावा. त्यामुळे नळीत कोंडलेला दाब मोकळा होतो.

हा झोत पाण्याचा असला, तरी तो खेळण्याचा नव्हे. तो अगदी जवळून अंगावर पडला, तर कातडी भेदून पाणी आत शिरते. वरून जखम लहान दिसते, पण आत मोठी इजा झालेली असते. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे गेले पाहिजे. म्हणून यंत्र मोठ्या माणसांनीच चालवावे आणि झोत माणसांवर, जनावरांवर किंवा विजेच्या तारांवर कधीही रोखू नये. जांभा दगड मऊ व सच्छिद्र असतो. जवळून मारलेल्या झोताने शेवाळाबरोबर दगडही झिजतो आणि सांध्यांतील माल उखडतो. यासाठी आधी दुरून झोत सोडून पाहावा, मग गरजेपुरतेच जवळ जावे.

दीड हजार वॅटचे यंत्र अर्धा तास चालविले, तर पाऊण युनिट वीज खर्च होते. पोफळीत एक युनिट वीज निर्माण होण्यासाठी ढोबळ हिशेबाने साडेआठशे लिटर पाणी डोंगरावरून खाली यावे लागते. म्हणजे अंगणात सुमारे दोनशे लिटर पाण्याचा झोत उडविण्यासाठी घाटमाथ्यावरचे सहाशे लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडते. मुळात हे पाणी पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे; ते पश्चिमेकडे वळविले आहे. ते साठविण्यासाठी कोयनाकाठच्या अनेक गावांतील लोकांनी आपली घरे आणि शेते सोडली. यंत्राचा खटका दाबताना बळ बोटाचे लागत नाही. ते त्या पाण्याचे असते. म्हणून जेथे पाय घसरण्याचे भय आहे, तेथे या यंत्राचा अवश्य उपयोग करावा. आणि जेथे खराट्याने काम भागते, तेथे खराटाच हाती घ्यावा.